मागून येणारा आवाज

प्रभाकरराव गावंडे समोरच्या माणसाला त्याचं वाक्य कधीच पुरं करू देत नसत. तुम्ही अर्ध्यावर असताना ते शेवटाला पोहोचून तुमची वाट बघत उभे असायचे, आणि चेहऱ्यावर भाव असा की, काय हो, इतका वेळ?

आर्णीत नवी नोकरी लागल्यावर खोली बघायला मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा "नमस्कार, मी इथल्या शाळेत" एवढंच माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं.

"सायन्सच्या मॅडम. खोली पाह्यजे. वरची खाली आहे. नळ सकाळी सहाले येते. चला." असं म्हणत ते जिना चढायलाही लागले.

मी माझं नाव सांगितलंच नव्हतं. ते त्यांना तीन महिन्यांनी कळलं, वर्ध्याहून आईचं पत्र आलं तेव्हा, पाकिटावरून.

प्रभाकरकाका बसस्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीच्या आत बसून माईकवरून गाड्या पुकारणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण कान अजून त्याच खिडकीत होते. दूधवाला आला की पहिला प्रश्न, "किती लेट?" कुकरची शिट्टी झाली की, "दोन मिनिटं लेट." गल्लीतलं एक बाळ नवव्या महिन्याच्या पुढे आठ दिवस थांबून जन्मलं, तर पेढा तोंडात टाकताना यांनी बाळाच्या आजीला तेच विचारलं. आजीनं पेढ्याचा पुडा परत उचलून घेतला.

घरात दोघंच, काका आणि कमलकाकू. मुलगा पुण्याला. काकू शांत बाई. चाळीस वर्षांत एकही वाक्य स्वतः संपवायला न मिळाल्यामुळे त्या मुळातच लहान वाक्यं बोलत.

नोकरीतून सुटल्यावर काका मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळात खंजेरी वाजवायला लागले. हात फार चांगला होता. पण भजन रंगात आलं की ते मध्येच खंजेरी वर धरून थांबवत. "थांबा! रामेश्वर, तुमचा टाळ मागं राह्यला. पुन्हा पहिल्यापासून." देवापुढे एक वेळ चाललं असतं. पण एकदा मंडळ कुणाच्या तरी तेराव्याला गेलं होतं, घरची माणसं डोळे पुसत बसलेली, आणि यांनी तिथेही खंजेरी वर धरली. दुसऱ्या दिवशी मंडळातले दोघं घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही आता थोडा आराम करा."

काकांनी आराम केला नाही. दिवाळीत मुलगा आला होता. तो सहज बोलून गेला की, बाबा, आता कॉम्प्युटरवर एकच माणूस सगळी वाद्यं एकेक करून वाजवू शकतो, एकावर एक आवाज चढवत जायचं. काका जेवता जेवता थांबले.

"म्हणजे मंडळ मीच?"

"हो."

"टाळही मीच? मागचे चारही मीच?"

"हो, पण…"

"पण गीण काही नाही. पाठवून दे सामान."

सामान आलं. जुना कॉम्प्युटर, माईक, कानावर घालायचे मोठे हेडफोन, आणि माईकचा आवाज कॉम्प्युटरला नेऊन देणारी एक लोखंडी डबी. डबीवर गोल फिरवायच्या दोन खुंट्या आणि एक बारीक बटण. या सगळ्यासाठी काकांनी मागची खोली निवडली. ती खोली कापसानं भरलेली होती.

तो कापूस गजाभाऊंचा. गजाभाऊ म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, गजानन. लग्न नाही, गावाकडे एकटेच राहायचे, वडिलांची शेती करायचे. त्या वर्षांत आमच्या भागात कापसाच्या भावाबद्दल बोलताना माणसं आवाज खाली करत. पेपरात जिल्ह्याचं नाव रोज यायचं, आणि ते चांगल्या कारणासाठी नसायचं. दोघा भावांनी ठरवलं होतं की भाव चढेपर्यंत माल घरात ठेवायचा. गावातलं घर गळकं, म्हणून कापूस आर्णीला आला आणि मागच्या खोलीत तीन भिंतींना आढ्यापर्यंत लागला. मधे एक टेबल, एक स्टूल आणि एक माणूस मावेल एवढी जागा उरली.

काकांनी आत जाऊन टाळी वाजवली. ती हातातल्या हातात विरली. जरासुद्धा घुमली नाही.

"मॅडम," ते मला खाली बोलावून म्हणाले, "पुण्यामुंबईचे लोक भिंतीले गाद्या लावतात म्हणे. आपल्याकडं पाहा. भाव पडला म्हणून स्टुडिओ उभा राह्यला."

त्या खोलीला एकच खोड होती. कापसातलं काहीतरी बारीक अंगाला चावायचं. तासभर आत बसून बाहेर आलेला माणूस तासभर खाजवत राहायचा. काकूंनी दाराला आतून कडी लावायची नाही आणि आत उदबत्ती न्यायची नाही, असे दोन नियम केले आणि बाकी सगळं देवावर सोडलं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. काकांनी हेडफोन घातले, पेटीवर सूर धरला, गायला तोंड उघडलं आणि दोन ओळींत अडखळले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळले. मग त्यांनी जिन्याखाली उभं राहून हाक मारली, "सायन्सच्या मॅडम! आवाज लेट येऊन राह्यला!"

मी हेडफोन घातले आणि माईकमध्ये "हॅलो" म्हटलं. मी म्हणून झाल्यावर, किंचित थांबून, माझंच "हॅलो" माझ्या कानात आलं. विहिरीत वाकून बोलावं तसं, फक्त विहीर उथळ. मी सातवीच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा वाचायला घेतला, जो मला झोपेतही पाठ होता. तिसऱ्या ओळीला माझी जीभ लोळायला लागली. "ध्वनीच्या प्रसारणासाठी माध्यमाची" एवढं म्हणायला मला तीन दमात जावं लागलं. मागून कुणीतरी शब्दाचा पदर ओढून धरत होतं.

मला ते विलक्षण वाटलं, आणि काकांना संतापजनक.

त्यांनी यवतमाळच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तिकडून सल्ला आला, "काका, रिस्टार्ट करून पाहा."

"बस बंद पडली तं रिस्टार्ट करतात, लेका. लेट झाली तं नाही!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढचे दीड महिने आमच्या घरात हाच विषय. दिवसातले निम्मे तास वीज जायची, त्यामुळे लोडशेडिंगचं वेळापत्रक कॉम्प्युटरच्या वर चिकटवलं होतं. वीज असली की काका त्या खोलीत. मी शाळेतून आले की तिथे. डबीबरोबर इंग्रजीत एक पुस्तिका आली होती, ती मी वाचायची आणि काकांना सांगायची. त्यात कळलं की कॉम्प्युटर आवाज आला तसा पुढे सोडत नाही. आधी थोडा थोडा साठवतो, ठरलेला साठा भरला की मग एकदम सोडतो. साठ्याचा आकडा आमच्या मशिनवर एक हजार चोवीस होता.

मी एवढं सांगेस्तोवर काका पुढे पोहोचलेच होते.

"काळीपिवळी!" ते ओरडले. "हे कॉम्प्युटर काळीपिवळी आहे, मॅडम! जीपमंदी सवाऱ्या भरल्याबिगर डायव्हर हलत नाही, तसं हे एक हजार चोवीस सवाऱ्या भरल्याबिगर सुटत नाही. आपल्याले पाह्यजे बस. रिकामी असली तरी टायमावर सुटणारी."

मग त्यांनी आकडा चौसष्टवर आणला. आवाज लगेच यायला लागला खरा, पण कढईत मोहरी टाकावी तसा तडतडत. जुन्या मशिनला एवढ्या घाईघाईनं गाड्या सोडणं झेपत नव्हतं. आकडा वाढवला की तडतड थांबायची आणि उशीर वाढायचा. कमी केला की उशीर जायचा आणि तडतड यायची. मधला एकही आकडा काकांना मंजूर नव्हता.

दोष मशिनमध्ये की माणसात, हे ठरवण्यासाठी त्यांनी दिसेल त्याला आत बसवून हेडफोन घालायला सुरुवात केली. मी वहीत नोंदी ठेवत होते, कारण मला आता खरोखरच जाणून घ्यायचं होतं. दूधवाला, एरवी तीन वाक्यांत दूध का पातळ आहे हे सिद्ध करणारा माणूस, हेडफोन घातल्यावर प्यायल्यासारखा बोलायला लागला आणि घाबरून उठला. आमच्या मुख्याध्यापकांना प्रतिज्ञा म्हणता आली नाही. काकूंनी फक्त "आज भाजी काय करू" एवढं विचारलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"माह्याच आवाजात मले उलटून कोण बोलून राह्यलं?" त्या म्हणाल्या. "या घरात आधीच एक आहेत."

शेवटी उपाय सापडला तोही काकूंनाच. त्या धूळ पुसत होत्या. काका हेडफोन घालून, डोळे मिटून, नवव्यांदा तीच ओळ म्हणत होते. काकूंचं फडकं डबीवरून फिरलं आणि ते बारीक बटण दाबलं गेलं.

काका ताडकन उभे राहिले. "आली! टायमावर आली!"

मी पुस्तिका उघडली. ते पान आम्ही सोडूनच दिलं होतं. बटण दाबलं की माईकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट कानात येत होता. दीड महिना आम्ही काळीपिवळीवाल्याशी भांडत होतो आणि शेजारी पायवाट होती. आता कानात दोन काका ऐकू येत होते, एक थेट आलेला आणि एक फिरून मागून आलेला. कॉम्प्युटरकडून येणारा आवाज बंद केला तेव्हा मागचा काका गेला.

एवढ्यानं संपलं नाही. कानात बरोबर ऐकू येत होतं, पण आधी रेकॉर्ड करून भरलेल्या पेटीवर नंतर वाजवलेली खंजेरी चढवून ऐकली की ती किंचित मागे पडलेली वाटायची. पुस्तिकेत त्यालाही तोड होती. हेडफोन माईकला टेकवायचा, कॉम्प्युटरला ठोके वाजवायला लावायचे आणि तेच ठोके परत भरून घ्यायचे. गेलेला ठोका आणि आलेला ठोका यांत जेवढं अंतर पडेल, तेवढी प्रत्येक नवी वाजवणी पुढे ओढून घ्यायला कॉम्प्युटरला सांगून ठेवायचं.

काकांनी ते दोनदा समजावून घेतलं. "म्हणजे गाडी जेवढी लेट, तेवढं टाइमटेबल सरकवून टाकायचं," ते हळूच म्हणाले. "तीस वर्षं नोकरी केली. हे काहून नाही सुचलं मले?"

आठ दिवसांत भजन भरून झालं. पेटी काका, खंजेरी काका, टाळ काका, म्हणणारे काका आणि मागे झेलणारे चार काका. एका संध्याकाळी त्यांनी ते काकूंना आणि मला ऐकवलं. एकही टाळ मागे नव्हता, एकही सूर पुढे नव्हता. घड्याळजीच्या दुकानात सगळी घड्याळं एकदम वाजावीत तसं ते भजन वाजलं.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"एकाचंच करणं होत नाही मले," काकू म्हणाल्या, "आता पाच-पाच."

मी म्हटलं, "काका, काहीच चुकलं नाही."

"हो," ते म्हणाले. "काहीच नाही चुकलं." पण त्यांचा चेहरा काही फुलला नाही. त्यांनी ते पुन्हा एकदा ऐकलं, मशीन बंद केलं आणि पाठ खाजवत अंगणात जाऊन बसले.

आता गजाभाऊंबद्दल. दर रविवारी ते गावाहून सायकलनं यायचे, भाजी घेऊन. काकांहून चार वर्षांनी लहान, पण उन्हानं रापून मोठे दिसणारे. वर्षभर माझी समजूत होती की त्यांना बोलताच येत नाही. कारण त्यांना काहीही विचारलं की उत्तर काका देत. गजाभाऊंची भुवई जरा वर गेली की काका सुरू, "गजा म्हणते, यंदा बोंडं चांगली लागली, पण वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या." गजाभाऊ मान हलवत. मी एकदा काकूंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलतात ना. अडकतात थोडं. पण ते पोचायच्या आत हे पोचतात."

त्या रविवारी काकांना भावाला आपला पराक्रम दाखवायचा होता. आताची सुधारणा कळायला आधीचा घोटाळा कळायला हवा, म्हणून त्यांनी बटण सोडलं, आकडा पुन्हा एक हजार चोवीस केला, कॉम्प्युटरचा आवाज चालू केला आणि हेडफोन गजाभाऊंच्या कानांवर चढवले. "ऐक, आधी कसा लेट येत होता ते." तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी जुना ड्रायव्हर हाक मारत आला आणि काका बाहेर गेले.

खोलीत गजाभाऊ आणि मी. ते हेडफोन घालून अवघडून बसले होते. मी म्हटलं, "काहीही बोला, भाऊ. आकडे म्हणा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग माईककडे. "एक, दोन, तीन, चार," म्हणाले. आणि मग थांबून, लांबवत, ओवी म्हटल्यासारखं, "मॅडम… ढवळ्याचा पाय… दुखून राह्यला दोन दिवस. दादाले सांगाचं आहे… डॉक्टर पाह्यजे म्हणून."

ते थबकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

"मी… बोलून राह्यलो का हे?"

"हो."

"मंग अजून बोलतो," ते म्हणाले, आणि बोलत राहिले. बैलाबद्दल, बांधावरच्या बाभळीबद्दल, सायकलच्या चेनबद्दल. आवाज सावकाश येत होता, अक्षरं जराशी ताणलेली, पण कुठे थांबत नव्हता. आम्हा सगळ्यांची जीभ ज्या उशिरानं लोळवली होती, त्याच उशिरात या माणसाची जीभ मोकळी झाली होती. मी वहीत नोंद करायला पेन उचललं आणि तसंच धरून बसले.

काका केव्हा दारात येऊन उभे राहिले मला कळलं नाही. गजाभाऊंची पाठ दाराकडे होती. त्यांच्या वाक्याच्या आधी काकांचे ओठ सवयीनं हलत होते, पुढचा शब्द तयार होता. मग त्यांनी स्वतःचा हात तोंडावर दाबून धरला आणि तसेच मागच्या पावली बाहेर गेले.

स्वयंपाकघरातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "कमल, गजा बोलून राह्यला!"

"ते नेहमीच बोलतात," काकू म्हणाल्या. "तुम्ही आज ऐकलं."

पुढच्या आठवड्यात मी एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, होतं असं. अडखळणाऱ्या काही लोकांना स्वतःचा आवाज जरा उशिरा ऐकवला की बोलणं सुटतं. सगळ्यांना नाही, आणि हेडफोन काढला की बहुतेकदा पुन्हा तसंच. मी ते काकांना सांगायला गेले, तर पहिल्यांदाच त्यांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनाच ते जड गेलं असावं, कारण ऐकताना ते खुर्चीचा हात घट्ट धरून होते.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर लोडशेडिंगच्या वेळापत्रकाखाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत एक कागद लागला. "सोमवार ते शनिवार, बटण दाबलेले. रविवार, बटण सोडलेले, एक हजार चोवीस. रविवारी कोणीही हात लावू नये." ज्या उशिरामागे ते दीड महिना हात धुऊन लागले होते, तो आता दर रविवारी सकाळी ते स्वतः परत लावून ठेवत. हळूहळू सोमवार ते शनिवारचं गाणं थांबलं. रविवार तेवढा चालू राहिला.

रविवारी गजाभाऊ टेबलाशी बसत आणि काका कापसाला टेकून पोत्यावर. मी दारात. काय बोलायचं ते ठरलेलं नसे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी गजाभाऊ असेच बोलता बोलता म्हणाले, "दादा, आपण दारव्ह्याले पोरगी पाहाले गेलतो, आठवते?"

काकांनी मान हलवली.

"तिनं सोता इचारलं होतं… तुमचं नाव काय म्हणून. मले लय बरं वाटलं. पोरीनं सोता इचारलं, मोठ्या माणसानं नाही. मी 'ग' धरला होता. माहीत आहे मले… त्या दिवशी ते निघणार होतं. 'ग'पर्यंत आलो होतो. तेवढ्यात तू म्हटलं, गजानन." ते जरा थांबले. "मंग तिनं पुढचं सगळं तुलेच इचारलं."

खोलीत कापूस होता, त्यामुळे शांतता फार जवळ येऊन बसली.

"राग नाही, दादा. तुले वाटे, माही फजिती होऊ नाही. मले ते तवाही समजे. पण मी तुले एक…"

आणि वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला, हेडफोन मुका झाला. वेळापत्रकाप्रमाणे वीज जायला अजून वीस मिनिटं होती. गजाभाऊ त्या शब्दाच्या पुढे येण्यासाठी धडपडत होते. "प… प…" मानेची शीर फुगली होती. काका पोत्यावरून पुढे झुकले. त्यांच्या ओठांवर शब्द आलेला मला दिसत होता. एक सोडून दहा शब्द आले असतील. त्यांनी एकही सोडला नाही. कपाळावरचा घाम भुवईवर आला तरी पुसला नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी गजाभाऊंनीच हेडफोन काढले, भावाकडे पाहून हसले आणि हात हलवला. जाऊ दे, असा.

"काय म्हणत होता तू?" काकांनी विचारलं. माझ्या आठवणीत त्यांनी कुणाला विचारलेला तो पहिला खराखुरा प्रश्न.

गजाभाऊंनी पुन्हा हात हलवला आणि सायकल काढली. ते वाक्य राहिलंच. पुढच्या रविवारी काकांनी पुन्हा विचारलं, तेव्हा हेडफोन घालूनही ते म्हणाले, आता आठवत नाही. मला ते खरं वाटलं नाही. काकांनाही नसावं.

भाव काही चढला नाही, पेरणी मात्र तोंडावर आली. बियाणं घ्यायचं होतं आणि माल ठेवून आता उपयोग नव्हता. मे महिन्याच्या शेवटी दोघा भावांनी कापूस विकायला काढला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापूस चढला आणि मागची खोली उघडी पडली. काकांनी आत जाऊन टाळी वाजवली नाही. मला सुटी होती. "चला मॅडम, वजनकाट्यावर लक्ष ठेवाले सायन्सचा माणूस पाह्यजे," म्हणून त्यांनी मलाही बरोबर घेतलं.

बाजार समितीच्या आवारात ट्रॉल्यांची रांग लागलेली. ऊन माथ्यावर. आमचा नंबर यायला दुपार झाली. टेबलामागे पावती लिहिणारा कारकून डोक्याला ओला रुमाल बांधून बसला होता. वर न बघता त्यानं विचारलं, "शेतकऱ्याचं नाव?"

काका टेबलाच्या अगदी जवळ होते. गजाभाऊ एक पाऊल मागे. काका बाजूला सरले आणि भावाला पुढे जागा दिली.

"ग…" गजाभाऊ म्हणाले. "ग… ग…"

"गणेश?" कारकून म्हणाला. रांगेतून कुणीतरी हसलं. "गोविंद? गंगाधर? बोला लवकर, मागं लोक उभे आहेत."

काकांनी हात पुढे केला आणि पावतीपुस्तकावर सपाट ठेवला. कारकुनाचं पेन त्यांच्या बोटांना अडलं.

"थांबा," ते म्हणाले. बसस्टँडवरचा आवाज होता तो, माईकशिवाय अख्ख्या आवाराला ऐकू जाणारा. "त्याले माहीत आहे त्याचं नाव. तो सांगून राह्यला."

ट्रॅक्टरचं इंजिन तेवढं धडधडत होतं. गजाभाऊंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"ग… गजानन," ते म्हणाले. "न… नामदेवराव. गावंडे."

काकांनी हात उचलला. कारकुनानं लिहिलं. "गाव?"

तेव्हा मात्र काका तिथे थांबले नाहीत. ते वळून सरळ लिंबाखालच्या पाण्याच्या रांजणाकडे गेले. मी मागे गेले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी पेला बुडवून भरून घेतला होता, पण पीत नव्हते. टेबलाकडे पाठ होती आणि ते वळून बघत नव्हते.

"सांगितलं का हो त्यानं, गाव?" त्यांनी मला विचारलं.

मी टेबलाकडे पाहिलं. गजाभाऊंची मान ताणलेली होती, आणि कारकून पेन वर धरून, या वेळी काही न बोलता, वाट बघत होता.

"अजून नाही, काका."

"असू द्या," ते म्हणाले. "सांगते तो." आणि तसेच पाठमोरे उभे राहिले.